वेंगुर्ल्याच्या खडकांचे राखणदार

आमच्या सदाशिव पेठेंतील घराच्या माजघरांत भिंतींतलें एक जुनें फडताळ आहे. वडील मंडळींच्या वेळच्या कांहीं वस्तु त्यांत अजून जपून ठेवलेल्या आहेत: संध्येची पळी-पंचपात्री, पंचांगांचा एक गठ्ठा, एक बंद पडलेलें घड्याळ, आणि पत्र्याच्या डबींत कापसांत गुंडाळलेलें एक अंडें. हें अंडें कोंबडीच्या अंड्याहून लहान. रंग मळकट पांढरा, त्यावर तपकिरी व करडे शिंतोडे. आमचे थोरले काका तात्या एका वैशाखांत वेंगुर्ल्यास आपल्या सासुरवाडीस गेले असतां होडींतून समुद्रांतल्या खडकांवर सहल करून आले, आणि येतांना हें अंडें त्यांनीं खिशांत घालून आणलें, एवढा इतिहास घरांत सर्वांस ठाऊक होता. लहानपणीं पाहुण्यांना तें आम्ही मोठ्या अभिमानानें दाखवीत असूं. तें कोणत्या पांखराचें, हें मात्र कोणीं विचारलें नाहीं, व तात्यांनाहि तें माहीत नव्हतें.

गेल्या दिवाळींत आमच्या धाकट्या पुतणीनें (ती कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकते) तें अंडें उजेडाशीं धरून पाहिलें आणि ती म्हणाली, "काका, हें सुरयाचें दिसतें. आणि असें अंडें उचलणें कायद्यानें गुन्हा आहे, हें तुम्हांला ठाऊक आहे ना?" वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा, तात्यांची सहल त्याच्या आधींची कीं नंतरची, याचा निकाल घरांत अद्याप लागलेला नाहीं. थोरल्या वहिनींनीं "मेलेल्या माणसाला कशाला दोष देतां?" म्हणून विषय मिटवला. आमच्या मनांतून मात्र तो गेला नाहीं. त्या अंड्याचा माग काढतां काढतां जें वाचलें, ऐकलें आणि शेवटीं डोळ्यांनीं पाहिलें, तें आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्हां पुणेकरांचें कोंकणाशीं नातें जुनें. पेशव्यांचें घराणें श्रीवर्धनचें, नाना फडणिसांचें मूळ गांव वेळास. त्यांच्या मागोमाग शेंकडों घराणीं घाट चढून वर आलीं, कुलदैवतें मात्र खालींच राहिलीं. दरसाल मे महिन्यांत आंबा, फणस आणि समुद्र यांच्या ओढीनें आपण कोंकणांत उतरतों. पुळणीवर बसून सूर्यास्त पाहतों, पाय भिजवतों, आणि परत येतों. त्या पाण्यापलीकडे कोण राहतें याची चौकशी आपण सहसा करीत नाहीं. (हा टोमणा प्रथम आम्हां स्वतःस आहे.)

वेंगुर्ला बंदराच्या वायव्येस, निवतीच्या समोर, किनाऱ्यापासून कांहीं मैल आंत हे खडक आहेत. इंग्रजी नकाशांत त्यांस 'वेंगुर्ला रॉक्स' किंवा 'बर्न्ट आयलंड्स', म्हणजे जळकीं बेटें, असें म्हटलेलें आढळतें; आणि दुरून पाहतां हें दुसरें नांवच शोभतें, कारण काळेकभिन्न दगड, त्यांवर उन्हानें करपलेलें गवत, आणि पांखरांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ, एवढेंच डोळ्यांत भरतें. एका खडकावर दीपगृह आहे. गांव नाहीं, शेत नाहीं. माणसाला राहण्यास जें जें हवें त्यांतलें जवळजवळ कांहींच तेथें नाहीं, आणि नेमकें म्हणूनच पांखरांना ती जागा पसंत पडली आहे.

तेथें घरटीं करणाऱ्या पांखरांचे मुख्यत्वें दोन वर्ग आहेत. पहिला सुरयांचा. उजनीच्या जलाशयावर भिगवणच्या बाजूस जे गेले असतील त्यांनीं नदीसुरय पाहिला असेल: लांब टोंकदार पंख, दुभंगलेली शेपटी, पाण्यावरून डौलानें तरंगत जाऊन एकदम सूर मारणारा. समुद्रावरचे सुरय हे त्याचेच भाऊबंद. त्यांतला मोठा तुरेवाला सुरय उघड्या जमिनीवर, शेजाऱ्याला अंग लागेल इतक्या दाटीनें वस्ती करतो. दुसरा एक गडद पाठीचा, कपाळावरून डोळ्यामागेंपर्यंत पांढरी रेघ असलेला. हा जरा एकलकोंडा, दगडाच्या कपारीखालीं किंवा झुडपाच्या आडोशाला एकच अंडें घालतो. आमच्या फडताळांतलें अंडें पुतणीच्या मतें या दुसऱ्याचें. तसें असेल, तर तात्यांना तें वाटेंत पडलेलें सांपडलें नव्हतें. दगडाखालीं हात घालून त्यांनीं तें काढलें होतें.

एकच अंडें, हें वाक्य आम्ही प्रथम सहज वाचून पुढें गेलों होतों. कोंबडी, चिमणी, कबूतर यांच्या हिशेबानें आपण पांखरांचा विचार करतों. एक गेलें तर चार आहेत. सुरयाच्या जोडप्याचें वर्षाचें सारें संसारधन तें एक अंडें असतें. तें हंगामाच्या सुरुवातीस गेलें तर कदाचित् दुसरें घातलें जाईल. उशिरां गेलें तर तें वर्ष फुकट.

दुसरा वर्ग पाकोळ्यांचा. जाणता पक्षिशास्त्रज्ञ म्हणेल कीं पाकोळी हा समुद्रपक्षी नव्हे, आणि त्याचें म्हणणें खरें आहे. ती हवेंतले किडे खाते आणि सह्याद्रीच्या गुहांतूनहि राहते. परंतु वेंगुर्ल्याच्या खडकांतील एका गुहेंत तिची मोठी वसाहत आहे, आणि या खडकांची जी कांहीं कीर्ति व अपकीर्ति झाली ती तिच्यामुळेंच. चिमणीहून लहान, वजनानें जेमतेम तोळाभर असा हा जीव. पाय इतके दुबळे कीं फांदीवर बसतां येत नाहीं, उभ्या कातळाला नुसतें लटकतां येतें. गुहेच्या मिट्ट काळोखांत ती तोंडानें टक्-टक् असा आवाज करीत उडते आणि भिंतीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. अशा जागीं काडी-कचरा टेकवून ठेवण्यास आधार कोठला? म्हणून ती आपल्या लाळेनें, त्यांत पिसें व शेवाळ मिसळून, अर्ध्या वाटीएवढें घरटें कातळाला चिकटवते. लाळ वाळून कठीण होते. त्या वाटींत दोन शुभ्र अंडीं. एक घरटें पुरें होण्यास कित्येक दिवस लागतात, आणि तें सारें सामान तिला अक्षरशः पोटांतून काढावें लागतें.

पाकोळ्यांच्या कुळांतील कांहीं जातींच्या घरट्यांचें सार चीनांत शतकानुशतकें मोठें पौष्टिक व प्रतिष्ठेचें मानलें जात आलें आहे. इंडोनेशिया-मलायाकडे तर आतां या पांखरांसाठीं मुद्दाम इमारती बांधून घरटीं पिकवितात. आपल्याकडील पाकोळीचें घरटें पिसाशेवाळानें भरलेलें, म्हणजे हलक्या प्रतीचें. पण व्यापार एकदां हात लांबवूं लागला कीं हलकी प्रतहि त्याला चालते. इंग्रजी अमदानींत या खडकांवरील घरटीं काढण्याचा मक्ता दिला जात असे.

येथें एका ओळखीच्या नांवाची गांठ पडते. ज्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमसाहेबांनीं पुढें १८८५ सालीं काँग्रेसच्या स्थापनेंत पुढाकार घेतला, ते पक्षिशास्त्राचे थोर अभ्यासक होते व 'स्ट्रे फेदर्स' नांवाचें पक्ष्यांविषयींचें नियतकालिक चालवीत. १८७५ सालीं लखदिव बेटांच्या सफरींत ते या खडकांवर उतरले होते. काँग्रेसचें पहिलें अधिवेशन पुण्यास भरावयाचें होतें, पटकीच्या साथीमुळें तें मुंबईस गेलें, ही गोष्ट आपण शाळेंत शिकलों. तोच गृहस्थ दहा वर्षें आधीं आपल्या वेंगुर्ल्यासमोर पाकोळ्यांची गुहा तपाशीत होता, हें आम्हांला साठी उलटल्यावर कळलें. पुढें १९४० च्या सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनीं येथील सुरय व पाकोळ्यांची पाहणी करून संस्थेच्या नियतकालिकांत टिपणें लिहिलीं. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यपशुपक्षी संरक्षण कायद्यामागें याच अब्दुलअलींची खटपट होती.

त्यानंतर या खडकांकडे फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. ज्यांचें होतें, तें चांगल्या हेतूनें नव्हतें.

चिपळूणच्या भाऊ काटदरे यांनीं १९९२ सालीं 'सह्याद्रि निसर्ग मित्र' ही संस्था काढली. सरकारी हुद्दा नाहीं, विद्यापीठाची गादी नाहीं. पांखरांचें वेड असलेली कोंकणांतलीच मंडळी. त्यांनीं प्रथम कोंकण किनाऱ्यावरील समुद्र-गरुडांचीं घरटीं शोधण्याचें काम हातीं घेतलें. पांढऱ्या पोटाचा हा प्रचंड गरुड किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचें मोठें घरटें बांधतो आणि वर्षानुवर्षें तेंच डागडुजी करून वापरतो. कोंकणांत अशीं झाडें बहुधा कोणाच्या तरी मालकीचीं असतात. तेव्हां घरटें टिकणें न टिकणें हें पुष्कळ अंशीं त्या मालकावर, म्हणजे एखाद्या घरच्या कर्त्या माणसावर व त्याच्या पैशाच्या अडचणीवर, अवलंबून! हें काम दुर्बिणीइतकेंच ओटीवर बसून चहा घेत बोलण्याचें आहे, आणि तें बाहेरून आलेल्या साहेबाला साधणारें नव्हे.

या पाहणीसाठीं किनारा पायाखालीं घालतांना त्यांस दोन गोष्टी आढळल्या. पहिली वेंगुर्ल्याच्या खडकांवर. २००१ सालीं पाकोळ्यांच्या गुहेंत बांबूंचा सांगाडा उभा करून घरटीं खरवडून नेण्याचा धंदा चालला असल्याचें त्यांच्या लक्षांत आलें. घरटें काढणारा अंड्यापिलांची वाट पाहत नाहीं. तीं खालीं पाण्यांत. पाकोळी बिचारी पुन्हां लाळ जमवून दुसरें घरटें लावूं पाहते, तें वाळतें न वाळतें तोंच तेंहि जातें. असे दोनचार हंगाम गेले कीं वसाहतींत म्हातारीं पांखरेंच उरावयाचीं. संस्थेनें वनखातें व पोलीस यांस बरोबर घेऊन तो धंदा उघडकीस आणला, आणि पुढें या पाकोळीला कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, जागा मिळाली. तोळाभर वजनाच्या जिवाला हा मान लहान नव्हे. पुण्याचे डॉ. सतीश पांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनींहि नंतर या खडकांवर जाऊन तेथील पक्ष्यांची पाहणी केली.

दुसरी गोष्ट वेळासची. २००२ सालीं गरुडांच्या शोधांत फिरतांना त्या पुळणीवर कासवाच्या अंड्यांचीं टरफलें दिसलीं, आणि त्यांतून वेळासचें कासव-संरक्षण उभें राहिलें. तें आतां सर्वश्रुत आहे. फाल्गुनांत पुण्याचीं कुटुंबेंच्या कुटुंबें पहांटे उठून पिलें समुद्रांत जातांना पाहावयास तेथें जातात व गांवकऱ्यांच्या घरीं पाहुणे होऊन उतरतात. अंडीं विकून मिळत असे त्याहून अधिक पैका राखण्यांत मिळूं लागल्यामुळें गांव स्वतःच राखणदार झाला. खडकांवरच्या पांखरांचें तसें होत नाहीं. तीं घरापुढें येत नाहींत, त्यांना पाहण्यास जाणें हेंच त्यांना अपायकारक, आणि समुद्रांतल्या कातळावर चार महिने पहारा देण्यास बसणार कोण? आम्हांला ही या विषयांतली खरी अडचण वाटते.

घरट्यांवर देखरेख म्हणजे काय, याची आमची कल्पना फार ढोबळ होती. जावें, मोजावें, लिहावें. पुतणीनें आमचा तास घेतला. मोजणी दरवर्षीं त्याच सुमारास व शक्य तों त्याच पद्धतीनें व्हावी लागते. नाहीं तर यंदांचा आंकडा गतवर्षाशीं ताडून पाहतां येत नाहीं, आणि पांखरें कमी झालीं कीं आपण उशिरां गेलों, याचा उलगडा होत नाहीं. पांखरें मोजण्यापेक्षां बसतीं घरटीं मोजणें बरें. कारण पांखरें उडतात, घरटीं उडत नाहींत. वस्तींत शिरलेंच तर फार थोडा वेळ थांबावें. आईबाप उठले कीं अंडें वैशाखाच्या उन्हांत उघडें पडतें, आणि तें उबवण्यासाठीं नव्हे, तर सांवली देण्यासाठीं त्यांना त्यावर बसावें लागत असतें! ही गोष्ट आम्हांला अगदीं नवी होती. घारी-कावळे तर माणूस वस्तींत शिरण्याची वाटच पाहत असतात. पाकोळ्यांच्या गुहेंत दिव्याचा झोत भिंतीवर फार वेळ ठेवूं नये. म्हणजे चांगल्या मोजणाराची पहिली परीक्षा ही, कीं तो येऊन गेल्याचें पांखरांस फारसें कळूं नये.

असली कामें जगांत बहुधा हौशी लोकांनींच उचललीं आहेत, आणि त्यांत स्त्रियांचा वांटा मोठा आहे. इंग्लंडांत १८६९ सालीं समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, कारण लोक आगबोटींतून जाऊन कड्यांवरचीं पांखरें केवळ मौजेखातर मारीत. तेथल्याच एमिली विल्यमसन या बाईंनीं १८८९ सालीं टोप्यांवर पिसें न घालण्याची शपथ घेणाऱ्या स्त्रियांची मंडळी काढली. आजची तेथील पक्षिरक्षणाची सर्वांत मोठी संस्था तिच्यांतून वाढली. अमेरिकेंत मेन प्रांताच्या किनाऱ्यावरील एका बेटावरून पफिन नांवाचे पक्षी शिकारीमुळें नाहींसे झाले होते. स्टीफन क्रेस या तरुणानें १९७३ पासून न्यूफाउंडलंडहून त्यांचीं पिलें आणून तेथें वाढवलीं, तीं समुद्रांत निघून गेलीं, आणि मोठेपणीं परत यावींत म्हणून त्यानें लांकडी पफिन करून खडकांवर उभे केले. पहिलें घरटें झालें तें १९८१ सालीं. आठ वर्षें वाट पाहत बसणाऱ्या त्या गृहस्थाच्या धीराची कमाल आहे. आमच्यानें आठ दिवसहि झालें नसतें.

यंदां मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत आम्ही, पुतणी व तिचा थोरला भाऊ असे तिघे निवतीस गेलों. हेतु पुतणीचा मोजणीचा, तिच्या भावाचा छायाचित्रांचा, आणि आमचा, खरें सांगावयाचें तर, तात्यांचा खडक पाहण्याचा. होडीचा तांडेल पन्नाशीच्या घरांतला, कमी बोलणारा. समुद्र शांत होता तरी होडी चांगलीच डुलत होती. खडक जवळ आले तसा वास आधीं आला, मग कालवा ऐकूं आला. त्यानंतर पांखरें दिसलीं. वर पांढऱ्या पंखांचा घोंगावणारा मंडप, आणि गडद पाठीचे सुरय कपारींतून निघून आमच्या डोक्यावरून फेऱ्या घालीत. पाकोळ्याहि होत्या, काळ्या ठिपक्यांसारख्या, गुहेच्या बाजूला.

पुतण्यानें लांब भिंगाचा कॅमेरा सरसावला आणि तांडेलाला म्हणाला, "जरा टेकवा ना खडकाला. दहा मिनिटें उतरतों." तांडेलानें होडी टेकवली नाहीं. पुतण्यानें वर पैसे देऊं केले. तांडेल आमच्याकडे वळून म्हणाला, "काकानू, थंय उतरूचा नाय. तुमी उतारलास काय तीं उठतत. अंडीं उन्हान उकडतलीं."

पुतण्या जरा चढ्या स्वरांत म्हणाला, "इतके लोक येतात, त्यांनाहि असेंच सांगतां काय?" तांडेल म्हणाला, "सगळेच आयकतत असा नाय." एवढेंच. त्याला हें कोणीं शिकवलें असें आम्हीं विचारलें. कोणे एके काळीं पांखरें मोजावयास आलेलीं पोरें त्याच्या होडींतून चारपांच खेपा आलीं होतीं; त्यांचें पाहून पाहून. त्याआधीं तो स्वतः लहानपणीं खडकांवरून अंडीं आणून खात असे, हेंहि त्यानें न लाजतां सांगितलें. "भूक होती," तो म्हणाला. आम्हांला फडताळांतली डबी आठवली. तात्यांना तर भूकहि नव्हती.

परत येतांना घरच्या घरीं चांगलाच वाद झाला. पुतण्याचें म्हणणें, छायाचित्रें लोकांपुढें गेल्याशिवाय कोणाला आस्था वाटणार नाहीं, आणि आस्थेशिवाय रक्षण नाहीं. वेळासचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. पुतणीचें म्हणणें, वेळासला पिलें जाळीआड जपून मग माणसें बोलावतात, येथें माणसें गेलीं कीं पिलेंच राहावयाचीं नाहींत. ही जागा पाहण्याची नव्हेच. आम्हांला दोघांचेंहि पटत होतें आणि म्हणून आम्ही गप्प बसलों. एक गोष्ट मात्र बोललों, ती येथेंहि सांगतों. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर जावयाचें नाहीं, हा तर कोळ्यांचा जुनाच रिवाज. त्या काळांत खवळलेला समुद्र स्वतःच पहारेकरी असतो. धोका आहे तो त्याआधींच्या दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे नेमका आपल्या शाळांच्या सुटींत. तेव्हां खडकांचें रक्षण कोणाच्या हातीं आहे, तर त्या किनाऱ्यावरच्या दहावीस तांडेलांच्या आणि आपल्यासारख्या भाडें देणाऱ्या पाहुण्यांच्या. होडी टेकवून देणाऱ्यास जास्त भाडें मिळूं लागलें, तर न टेकवणारा किती दिवस टिकेल? आम्हीं त्या तांडेलास पुतण्यानें देऊं केलेले वरचे पैसे न टेकवल्याबद्दल दिले. त्यानें ते घेतले, पण त्याला त्यांतला विनोद फारसा कळला नसावा. किंवा कळूनहि तो हंसला नसेल.

अंड्याचें काय करावें हें अजून ठरलेलें नाहीं. पुतणीनें वनखात्याच्या कचेरींत विचारणा करणारा अर्ज लिहिला आहे. थोरल्या वहिनींचा त्यावर अजून रोष आहे, पण डबीवर चिकटवण्यासाठीं तात्यांच्या सहलीचें साल त्यांनींच जुनीं पत्रें चाळून शोधण्यास घेतलें आहे. मोजणीच्या वहींत त्या दिवसाची नोंद पुतणीच्या अक्षरांत अशी आहे: "निवती, सकाळीं साडेसात ते नऊ. वारा बेताचा. तुरेवाले सुरय, गडद पाठीचे सुरय, पाकोळ्या. होडी हलत असल्यानें दोनदां मोजूनहि संख्या जुळली नाहीं, म्हणून लिहिली नाहीं. खडकावर उतरलों नाहीं."